कृष्णात हवालदाराची भरती

कृष्णात हवालदारानं पलटणीत पंधरा वर्षं काढली, त्यातली शेवटची चार भरतीच्या कचेरीत. म्हणून चौऱ्याहत्तर साली मलकापूरजवळ पाण्याच्या मोटारींचा नवा कारखाना निघाला, तेव्हा माणसं निवडायचं काम त्यालाच मिळालं. बोली तीन महिन्यांची. जमलं तर तेच काम कायम, नाही जमलं तर फाटकावरचा पहारा.

"माणूस बघितला की मला कळतं," असं तो घरी सांगे. उसाच्या गावांतून त्यानं बारा गडी निवडले. टेप लावून छाती मोजली, उंची मोजली, मैलभर पळवलं. एकेक पैलवान!

कामावर मात्र पंचाईत झाली. मोटारीच्या आत तांब्याची तार गुंडाळायची होती. दोऱ्याएवढी बारीक तार. जरा जास्त ओढली की तुटे, ढिली राहिली की मोटार तापे. पैलवानांच्या हातात ती टिकेचना.

मॅनेजर लालासाहेबांनी तुटक्या तारांचं भेंडोळं टेबलावर टाकलं. "कृष्णात, इथं कुस्त्यांचा फड भरवायचाय का?"

"चूक माझी हाय, साहेब. पोरं चांगली हायत, त्यांची जागा चुकली. त्यांना ओतकामाला लावा, तिथं असलेच गडी लागतात. गुंडाळायला मी दुसरी माणसं आणतो."

"सोमवारी आण. नाही आणलीस, तर मंगळवारी फाटकावर उभा राहा."

कृष्णात बाहेर आला आणि फाटकाकडं बघत राहिला. महिन्यापूर्वी इथंच जतकडचा एक मेंढपाळ काम मागायला आला होता. छाती दोन इंच कमी भरली म्हणून कृष्णातनं त्याला परत पाठवलं होतं. एसटी येईपर्यंत तो गडी लिंबाखाली बसून लाकडी चाती फिरवत लोकरीचं सूत काढत होता. तासाभरात ते सूत एकदाही तुटलं नव्हतं. कृष्णातनं ते डोळ्यांनी बघितलं होतं, पण तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

नाकारलेल्यांचीही नावं लिहून ठेवायची त्याची पलटणीतली सवय होती. त्यानं वही उघडली. बिराप्पा, तालुका जत.

शनिवारी तो वस्तीवर पोचला. बिराप्पा मेंढरांमागं चालत चाती फिरवत होता.

"आवं हवालदार! आता मेंढरांची भरती काढली का? आमच्या एडक्याची छाती लय रुंद हाय."

कृष्णात मोकळेपणानं हसला आणि खिशातून तांब्याच्या तारेचं रीळ काढलं. "माझं चुकलं, गड्या. ही तार गुंडाळून दाखव, तुटू न देता."

बिराप्पानं वीस वेढे सरळ घातले. एकविसाव्याला तार तुटली.

"आमचा हात घोंगडीच्या जाड सुताचा. बारीक पायजे तर हिला द्या."

त्याची बायको धोंडुबाई हात पुसत आली. तिनं रिळावरची सगळी तार न तोडता गुंडाळली, आणि तिची नजर तारेवर नव्हतीच. ती चुकार कोकरावर होती.

"कारखान्यात बाया घेत्यात व्हय?" तिनं विचारलं.

"अजून न्हाई."

"मग मला कशाला राबवलं?"

"अजून म्हणालो, वहिनी."

मेंढरं दिराच्या हवाली करून नवराबायको सोमवारी मलकापुरात आली. लालासाहेबांच्या भुवया वर गेल्या. "बाई?"

"हात बघा, साहेब. बाकी मी बी आधी चुकीचंच बघत होतो."

धोंडुबाईनं शिकवणाऱ्या मिस्त्रीकडून काम एकदा समजून घेतलं आणि दुपारपर्यंत मोटार गुंडाळून दिली. ती दिवस मावळेपर्यंत चालवली. लालासाहेबांनी मोटारीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"अशी आणखी किती माणसं आहेत?"

कृष्णात वही उघडतोय तोवर धोंडुबाईच बोलली, "आमच्या वस्तीवर अकरा बाया हायत. पण ह्यो हवालदार टेप घिऊन आला, तर एक बी यायची न्हाई!"

मंगळवारी सकाळी कृष्णात फाटकावर उभा होता खरा, पण जतला जाणाऱ्या एसटीची वाट बघत. टेप टेबलाच्या खणात होता. खिशात तारेचं रीळ होतं.