अर्जदार : बिबट्या

मी एक जुना बिबट्या आहे. पळू नका मित्रांनो, मी चावत नाही. माझे दात पांगाऱ्याच्या लाकडाचे आहेत, डोळे काचेच्या गोट्यांचे आणि अंग पिवळ्या वेलवेटचं. आत माणूस शिरला की मी चालतो, माणूस बाहेर पडला की खुंटीला लटकतो. म्हणून कुणी मला ‘नुसतं सोंग’ म्हटलं, की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, नुसत्या सोंगाला कधी पोलीस बघायला येतात का? मला आले होते. चांगले सहा जण आले होते.

माझा जन्म नारायणगावचा. तिथे भिमाजी मामा नावाचे शिंपी आहेत. तमाशाच्या फडांचे अंगरखे, राजाचे झगे, वाघांची सोंगं त्यांच्याच मशीनवर शिवली जायची. वीस वर्षांपूर्वी त्यांनी मुलांसाठी एक नाटक बसवायला घेतलं आणि त्यासाठी मला घडवलं. मातीच्या गोळ्यावर जुनी वर्तमानपत्रं मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवली, आठ दिवस पत्र्यावर वाळवली आणि माझं डोकं तयार केलं. पण माणूस जन्मभर पट्टेरी वाघ शिवत आलेला. हाताच्या सवयीने त्यांनी माझ्या अंगावर काळेभोर पट्टे ओढले. नाटक तर बिबट्याचं होतं! मामा कपाळाला हात लावून बसले.

तेव्हा त्यांची भाची साधना पुढे आली. राजुरीची पोर, वय सोळा. तिने एक मोठा बटाटा मधोमध कापला, काळ्या रंगात बुडवला आणि माझ्या अंगावर ठसे मारायला बसली. पट्टे ठिपक्यांत मिसळून जाईपर्यंत तिने ठसे मारले. बघणारे हसत होते, पण माझं रूप मात्र झकास उतरलं.

आता मला घालायचं कुणी? नाटकातल्या सगळ्यांना राजा व्हायचं होतं, राणी व्हायचं होतं. बिबट्याच्या आत तोंड दिसत नाही ना! फोटोत आपण कुठे आहोत ते आईलाही ओळखता येत नाही. कुणी तयार होईना, तेव्हा साधनाच म्हणाली, “मामा, मी व्हते बिबट्या. माझं तोंड नाय दिसलं तरी चालंल, आवाज तर ऐकू येईल?”

आणि काय आवाज काढला राव तिने! खरा बिबट्या डरकाळी फोडत नाही, तो नुसता गुरगुरतो, हे मला ठाऊक आहे. पण आम्ही फोडायचो. पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात तोंड खुपसायची आणि नाटक संपलं की माझी शेपटी ओढायला धावायची. जुन्नर, ओतूर, आळेफाटा, मंचर, सगळीकडे आम्ही प्रयोग केले. पाच वर्षं तिच्या घामाने माझं अस्तर भिजत होतं. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तिला मालिकेत काम मिळालं. ती पुण्याला गेली, तिथून मुंबईला. टीव्हीवर तिने एका खडूस जाऊबाईचं काम केलं आणि ते इतकं गाजलं, की गावच्या बाजारात बायका तिला भाजी देताना आधी दोन शिव्या द्यायच्या. आणि मी? मी मामांच्या दुकानात माळ्यावर, पोत्यात कोंबलेला. उंदरांनी माझा डावा कान कुरतडला. कसर लागली. खाली टीव्ही चालायचा, तिचा आवाज मला ऐकू यायचा आणि मला संताप यायचा. पोरी, ज्याच्या पोटात बसून आवाज काढायला शिकलीस, त्याला विसरलीस? मी रुसलो होतो, खोटं कशाला सांगू.

एका डिसेंबरात ती अचानक दुकानात आली आणि म्हणाली, “मामा, माझा बिबट्या खाली काढा.”

काय घडलं होतं ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्या भागात शेतातल्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा मिळायची आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली, की माणसांनी अंधारात कांद्याला पाणी भरायला जायचं. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला वाकावं लागतं. वाकलेला माणूस बिबट्याला दुरून चार पायांचं जनावर वाटतो. साधनाचा भाऊ गोरख आणि शेजारच्या बयाबाई एका विहिरीवर पाणी भरायचे. रात्रपाळीच्या एका आठवड्यात बयाबाई वाफ्यात वाकल्या होत्या आणि उसातून आलेल्या बिबट्याने त्यांची मान धरली. गोरखने खोरं घेऊन आरडाओरडा केला म्हणून त्या वाचल्या. मानेला एकोणतीस टाके पडले.

साधना त्यांना दवाखान्यात भेटायला गेली, तेव्हा बयाबाई म्हणाल्या, “त्या मुक्या जनावराला कशाला शिव्या देता गं? रात त्याची हाय. आपल्याला रातीचं तिकडं धाडतंय कोण, त्याला इचारा.”

ते विचारायलाच साधना वीज कार्यालयात गेली. एकदा नाही, अकरा वेळा. अकरा अर्ज दिले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, “मॅडम, शेड्यूल वरून येतं.” वरून म्हणजे कुठून, ते कुणी सांगेना. मग तिने त्या कार्यालयावर मोर्चा काढला. टीव्हीवरची साधना मोर्चा काढणार म्हणून गाव लोटेल, असं तिला वाटलं होतं. आली किती माणसं? सतरा. त्यातली चार फोटो काढून गेली. तिथले साहेब खिडकीतूनच म्हणाले, “नटी आहे, नाटकं करते.”

“व्हय, नाटकच करते,” ती खालून ओरडली. “पण माझं नाटक वेळेवर सुरू होतं. तुमच्या लाईटीचं काय?”

सतरा माणसं हसली आणि घरी गेली.

त्याच आठवड्यात शेजारच्या शिवारात वनखात्याच्या पिंजऱ्यात एक बिबट्या अडकला. मित्रांनो, तो बघायला तीन हजार माणसं जमली! बायका कडेवर पोरं घेऊन आल्या, भेळेची गाडी लागली, रस्ता दोन तास बंद झाला. गोरख घरी येऊन चिडून म्हणाला, “ताई, माणसासाठी सतरा आन् बिबट्यासाठी तीन हजार. लई भारी गाव हाय आपलं!”

साधना एकदम हसली. दुसऱ्या दिवशी ती मला न्यायला आली.

मामांनी माझा कान शिवला. वेल्डिंगवाल्या अमृतने ट्रॉलीच्या जुन्या पाइपांचा पिंजरा बनवला, अगदी वनखात्याच्या पिंजऱ्यासारखा, शेळी बांधायच्या कप्प्यासकट. गावातल्या हौशीरामने आपली शेळीही दिली. तिला चारा भरपूर मिळाला, त्यामुळे तिची काही तक्रार नव्हती. शुक्रवारी सकाळी तो पिंजरा ट्रॅक्टरवरून सबस्टेशनच्या फाटकासमोर उतरवला आणि हौशीरामने सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला : ‘पिंजऱ्यात बिबट्या. बघायला या.’ यात खोटं काय होतं, सांगा बरं? मी बिबट्या होतो आणि पिंजऱ्यात होतो.

दहा वाजेपर्यंत मुंगीला वाट उरली नाही. मोटरसायकली उसाच्या बांधापर्यंत लागल्या. मी कोपऱ्यात पाठ करून पडलो होतो. आत साधनाचं काळीज असं धडधडत होतं, की माझी शिवण हलत होती. सोमवारपासून पुन्हा रात्रीची पाळी सुरू होणार होती. गोरखला त्याच वाफ्यात उतरावं लागणार होतं. हातात फक्त तीन दिवस होते.

तेवढ्यात साहेबही आले, हातात मोबाईल घेऊन. बिबट्यासोबत फोटो नको का! ते पिंजऱ्याला पाठ लावून उभे राहिले, मोबाईल वर धरला, आणि मी मागच्या दोन पायांवर उठून उभा राहिलो.

“साहेब,” मी म्हणालो, म्हणजे ती म्हणाली, “अर्ज आणलाय.”

साहेबांचा मोबाईल धुळीत पडला. लोक आधी किंचाळले आणि मग फुटले हसायला. साधनाने माझ्या पंजातून कागद काढला आणि माझ्याच तोंडातून वाचायला लागली. पोटातून काढलेला तिचा आवाज पार उसाच्या बांधापर्यंत गेला.

“अर्जदार : बिबट्या, राहणार उसात. विषय : रात्रीच्या विजेबद्दल आभार. महोदय, मी पूर्वी डोंगरात भेकरामागे पळून दमत असे. आता तुमच्या कृपेने माणसं रात्री ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी वाकून उभी असतात. एक आठवडा चुकतो, तेवढी उपासमार होते. तरी बाराही महिने रात्रीच वीज द्यावी, ही नम्र विनंती.”

आता कुणी हसत नव्हतं. बयाबाई पुढे आल्या. त्यांनी मानेवरचा पदर बाजूला केला आणि सगळीकडे फिरून टाके दाखवले. एक म्हातारा डोळे पुसायला लागला. पोरांनी मोबाईल खाली घेतले.

“बाहेर या आधी, हा काय तमाशा चाललाय?” साहेब ओरडले.

“दिवसा लाईट मिळाल्याबिगर येणार नाय,” साधना म्हणाली. तिने पिंजऱ्याला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. किल्ली बयाबाईंनी कमरेच्या पिशवीत टाकली. दुपारी ते सहा पोलीस आले. त्यांनी किल्ली मागितली, तर बयाबाई म्हणाल्या, “घे बाबा, बाईमाणसाच्या कमरंला हात घालून घे.” पोलीस बाजूला जाऊन उभे राहिले.

तीन दिवस आम्ही आत होतो. दिवसा माझ्या आत भट्टी पेटायची. ती डोकं काढून पाणी प्यायची, गजांतून आलेली भाकर खायची आणि पुन्हा डोकं चढवायची. शनिवारी मुंबईहून फोन आला, की उद्या शूटिंगला आली नाहीस तर तुझं काम संपलं. तिने फोन कानाला धरून पाच मिनिटं ऐकलं. मग म्हणाली, “मी सध्या दुसऱ्या कामात हाये.” फोन ठेवल्यावर मात्र ती माझ्या डोक्याच्या आत तोंड घालून रडली. ते बाहेर कुणाला दिसलं नाही. ज्या कामासाठी तिने आठ वर्षं चाळीच्या खोल्या बदलल्या, उपास काढले, ते काम ती एका वाक्यात सोडत होती. माळ्यावरचा माझा सगळा रुसवा तिथेच विरघळला. पुढच्या आठवड्यात त्या जाऊबाईला मालिकेत दरीत ढकलून दिलं, असं ऐकलं.

गर्दी मात्र कमी झाली नाही. बिबट्या बघायला आलेली माणसं आता भाकरी घेऊन येत होती आणि बसून राहत होती. रविवारी संध्याकाळी पुण्याहून मोठे साहेब आले. त्यांनी शिक्क्याचं पत्र दाखवलं : सोमवारपासून या शिवाराच्या फीडरला रोज दिवसा आठ तास वीज. टाळ्या पडल्या. साधनाने उठायला गजाला हात घातला.

“खाली बस गं,” बयाबाई म्हणाल्या. “कागद आमच्याकडं बी लई हायेत. अकरा तर तूच लिवलेस. उद्याला मोटर चालू झाली की काढते कुलूप.”

मोठे साहेबही तिथेच खुर्ची टाकून बसले.

सोमवारी सकाळचे नऊ वाजले. काही नाही. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. काही नाही. लोक चुळबुळ करायला लागले. साधनाचा हात माझ्या पंजात घट्ट वळला होता. नऊ वाजून अठरा मिनिटांनी गोरखचा विहिरीवरून फोन आला. त्याने फोन नुसता पाइपाच्या तोंडाशी धरला. बयाबाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि कुलपाला किल्ली लावली. पाण्याचा तो धबधबा तिथे सगळ्यांनी ऐकला.

मित्रांनो, त्या दिवसापासून त्या शिवारात रात्री कुणी वाकत नाही. उसातले माझे जातभाई अजून आहेत. ते त्यांच्या वेळेला फिरतात, माणसं त्यांच्या वेळेला. साधना आता गावोगावी नाटकं बसवते. टीव्हीवर तिला कुणी बोलावत नाही आणि बाजारात तिला कुणी शिव्या देत नाही. भाजी मात्र दोन जुड्या जास्त मिळते.

माझं म्हणाल, तर शेपटी गेली, वेलवेट विरलं. भिमाजी मामा म्हणतात, बिचाऱ्याला आता विश्रांती द्या. एका शाळेने मला ठेवायला काचेचं कपाटही करून घेतलं. गेल्या बुधवारी तिकडे न्यायला मला बांधत होते, तेवढ्यात आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीहून हर्षाली नावाची मुलगी आली. दोन एसट्या बदलून आली होती. दारातच म्हणाली, “ताई, आमच्याकडं अजून रातीचीच लाईट हाय. परवा माझ्या चुलत्याला धरलं. तुमचा बिबट्या मिळंल का?”

मामा म्हणाले, “अगं, तो फाटलाय.”

साधनाने सुईत दोरा ओवला.

माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. जुन्या वस्तू जपाव्यात, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मलाही जपा. वर्षातून दोनदा उन्हात टाका, पोटात डांबराच्या गोळ्या ठेवा, उंदरांवर लक्ष ठेवा. पण ते काचेचं कपाट दुसऱ्या कुणाला द्या. जोपर्यंत एका तरी वाडीत माणसाला माझ्या जातभाईंच्या वेळेला वाफ्यात वाकावं लागतंय, तोपर्यंत मी शोभेची वस्तू नाही. मी बिबट्या आहे, आणि मला अजून काम आहे.