लिहिणाऱ्यानं दाबायचं नाही

मी बोलतेय, आणि मला तोंड नाही, म्हणून जरा जवळ सरका. मोठमोठ्या वेबसाइटचा गाडा ओढते ती मी. शिकलेले लोक मला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. एवढं नाव घेईपर्यंत माणसाला धाप लागते. सोपं सांगते. तुम्ही फोनवर बातमी वाचता ना, ती लिहायची जागा, तपासायची जागा, फोटो ठेवायची फडताळं आणि शेवटी ती जगापुढं मांडायचं बटण, हे सगळं मिळून मी.

माझा जन्म एका शिक्षकाच्या जेवायच्या टेबलावर झाला. शाळेच्या सूचना लावायला त्यानं मला लिहिलं आणि कुलूप न घालता दाराबाहेर ठेवून दिलं. घ्या, वापरा, उसवलं तर शिवा, फक्त शिवलेलं पुन्हा सगळ्यांना दाखवा. यालाच ओपन सोर्स म्हणतात. त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला. "एवढे खपलात आणि फुकट वाटताय? मग दारंखिडक्यांनीच काय घोडं मारलंय, त्याही द्या काढून!"

पण लोक आले बरं का. कधी तोंड न पाहिलेल्या माणसांनी मला हात दिले, पाय दिले, दुखलंखुपलं पाहिलं. सगळ्या आळीनं वाढवलेली पोर झाले मी. अशा पोरीला एक मात्र शिकवायचं राहून जातं, नाही म्हणायला. ज्याच्या हाती किल्ली, त्याचं मी ऐकते. खरं मांड म्हटलं तर खरं, खोटं मांड म्हटलं तर खोटं.

हिंडत हिंडत मी एका वर्तमानपत्राच्या घरी लागले. अर्ध्या शहराची सकाळ माझं पान उघडून व्हायची. तिथं माझी मालकीण म्हणाल तर वहिनी. वेबसाइटची मुख्य ती. तिचा धाकटा दीर तिथंच बातमीदार होता, तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळं ऑफिस वहिनी म्हणायला लागलं. केस पिकलेला मालकसुद्धा! त्या दिराला सगळे 'घाई' म्हणत. तो जिना उतरायचा नाही, सांडायचा. "घाई आली का?" असं कुणी विचारलं की वहिनी म्हणायची, "आली असेल, चप्पल दारात आहे, पाय मागून येतील."

या घाईनं एकदा घात केला. पुलाला ट्रक धडकला, आणि यानं विचारपूस न करता 'पूल कोसळला' असं लिहून बटण दाबलं. पूल होता तसा उभा. पण पुलावरच्या माणसांनी फोन पाहिले आणि जीव घेऊन पळत सुटली. कठड्याशी एक फुगेवाला उभा होता. तो पडला आणि त्याच्या छातीवरून गर्दी गेली. संध्याकाळी त्याचं प्रेत उचललं, तेव्हा मनगटाला बांधलेले फुगे अजून वर ओढत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्यापुढं बसली आणि तिनं मला नियम घातला. लिहिणाऱ्यानं दाबायचं नाही. कुणीही लिहो, त्याच्यापुढं एकच बटण यायचं, 'मंजुरीसाठी पाठवा'. जगापुढं मांडायचं बटण फक्त तिच्याकडं, आणि तिनं लिहिलेलं असेल तर मालकाकडं. मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी नाही म्हणायला शिकवलं.

घाई फुरंगटला. "वहिनी, घरच्या माणसावर विश्वास नाही?"

"घरच्या माणसावर आहे भाऊजी. घाईवर नाही."

आता जे झालं ते सांगते. शहरात दोन टोळ्यांची जुंपली होती. दुकानं जळत होती, चौकाचौकांत टायर पेटले होते, आणि एका मुलाला खांबाला बांधून मारल्याचा फोटो त्याच सकाळी माझ्या फडताळात येऊन पडला होता. वहिनीनं तो पाहिला, उठून तोंड धुतलं आणि पुन्हा कामाला बसली. फोटो तिनं बाहेर जाऊ दिला नाही.

नदीपलीकडं गरिबांची एक वस्ती होती. त्या जागेवर एका ठेकेदाराचा डोळा होता. वस्ती उठली तर तिथं त्याचे मजले उठणार. आग लागलेलीच होती, हा आपली पोळी भाजायला निघाला. नदीपलीकडच्यांनी पाण्याच्या टाकीत विष घातलं, अशी आवई त्यानं उठवली. पण तोंडची आवई अर्धे मानतात, अर्धे नाही. वर्तमानपत्रानं सांगितलं की सगळं शहर मानतं. तो भर दुपारी माणसं घेऊन आमच्या दारात आला. माणसांच्या हातात लोखंडी सळया. रस्त्यावर शे-दोनशेंची गर्दी उभी करून ठेवलेली, हातात रॉकेलचे डबे, फोनकडं डोळे लावून. बातमी आली की निघायचं.

दारावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" उत्तर डोक्यात बसलं. सळईचा आवाज जिन्यातून वरपर्यंत आला. मग काचा फुटल्या, टेबलं उलटली, मागच्या दारानं जो तो पळाला. आत दोघंच सापडले, वहिनी आणि घाई.

ठेकेदारानं घाईची मानगूट धरून त्याला खुर्चीत आदळलं. "लिही. टाकीत विष. नदीपलीकडच्यांनी घातलं."

"टाकी दुरुस्तीला काढलीय," घाई म्हणाला. "सकाळी मी स्वतः आत डोकावून आलोय. कोरडी ठणठणीत आहे. विष घालायला पाणी तर पाहिजे!"

थोबाडीत बसली. ओठ फाटला, कळफलकावर रक्त सांडलं. लिहिलं त्यानं. माझ्या पांढऱ्या पानावर ती ओळ उमटली आणि खाली बटण आलं, 'मंजुरीसाठी पाठवा'.

"छापायचं बटण कुठंय?"

"माझ्याकडं नाही."

"मला शिकवतोस? तुझ्या नावाच्या बातम्या रोज वाचतो मी!"

त्यांनी त्याचा उजवा हात टेबलावर पसरला, एकानं मनगटावर गुडघा रोवला आणि दुसऱ्यानं सळई घातली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. ओली फांदी मोडावी तसा असतो. घाई ओरडला नाही, त्याचा श्वासच अडकला. दुसरा घाव बसला तेव्हा ओरडला.

"सोडा त्याला," वहिनी म्हणाली. "बटण माझ्याकडं आहे."

"वहिनी, नाही!" घाई खुर्चीतून अर्धा उठला. "तिकडं लहान पोरं आहेत वहिनी! दाबलंत तर पुन्हा वहिनी म्हणणार नाही तुम्हाला!"

"नका म्हणू," ती म्हणाली आणि माझ्यापुढं येऊन बसली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात माझी दोन रूपं असतात. एक जगाला दिसतं ते, आणि दुसरं सरावाचं. नवं काही करायचं तर आधी सरावाच्या रूपावर करून बघायचं, बिघडलं तरी बाहेर कुणाला पत्ता नाही. ते ऑफिसच्या वायफायवरच दिसतं, भिंतीबाहेर गेलं की नाही. दोन्हींत गल्लत होऊ नये म्हणून सरावाच्या माथ्यावर पिवळी पट्टी असते. पण गेल्या आठवड्यात मालक नवं रूप बघायला आले आणि म्हणाले, ही पिवळी पट्टी डोळ्यांत खुपते, काढा. काढली. परत लावायचं सगळे एकमेकांवर ढकलत राहिले. जुळ्या बहिणींच्या गळ्यातला ओळखीचा दोरा काढावा तशी ती चूक.

 वहिनीनं सरावाचं पान उघडलं. ती खोटी ओळ तिथं नेली. बटण दाबलं.

स्क्रीनवर लाल ठळक अक्षरांत बातमी झळकली. ठेकेदार पुढं वाकला, वाचून हसला. मग खिशातून फोन काढला. "माझ्यावर दिसत नाही."

"जुनं पान साठवलेलं असतं फोनमध्ये," वहिनी म्हणाली. "द्या इकडं." तिनं फोन घेतला, ऑफिसचं वायफाय जोडलं आणि सरावाचं पान उघडून परत दिला. चहाचा कप पुढं करावा तसा. त्यानं पाहिलं, तिच्या गालावर थोपटलं आणि माणसं घेऊन खाली गेला.

घाई जमिनीवर बसला होता, हात छातीशी धरून. वहिनीकडं न बघता म्हणाला, "फुगेवाला माझ्या नावावर. आता नदीपलीकडचे सगळे तुमच्या."

"डोळे उघडा भाऊजी. सरावावर टाकलंय."

 त्याला रडू आलं आणि हसूही. "अहो, मग आधी सांगायचं!"

"तुमच्या तोंडावर दिसलं असतं. उठा, दार लावायला हात द्या. चांगला हात द्या!"

दोघांनी टेबल ढकलून दाराला लावलं. खाली ठेकेदार ओरडत होता, "छापून आलंय! बघा!" गर्दीनं फोन उघडले. कुणालाच काही दिसेना. त्यानं स्वतःचा उघडला, भिंतीबाहेर आलेला. पान सापडत नाही, असं मी लिहून आले. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

जिन्यावर पुन्हा पावलं वाजली.

"मागच्या दारानं निघू वहिनी!"

"निघालो तर तो तोंडानं पेटवेल त्यांना. खरं काय ते आत्ताच गेलं पाहिजे. लिहा. तुम्ही लिहा, मी दाबते."

"तुम्हीच लिहा ना! माझा हात बघा!"

"मी लिहिलं तर मला दाबता येणार नाही. मालक कुठं सापडायचे आता? डाव्या हातानं लिहा!"

आणि तो डाव्या हाताच्या एका बोटानं लिहायला लागला. दारावर सळया पडत होत्या, फळी फाटत होती, आणि माझ्या पानावर एकेक अक्षर येत होतं. टाकी कोरडी आहे. विषाची गोष्ट खोटी. ठेकेदारानं मारहाण करून ती लिहून घेतली. पहारेकरी जखमी. 'जखमी'पाशी तो अडखळला, चुकलेलं खोडायला लागला.

"राहू द्या शुद्धलेखन! पाठवा!"

त्यानं पाठवलं. टेबल सरकलं. वहिनीनं वाचलं, हो, तेवढ्या घाईतही ओळन् ओळ वाचली, आणि दाबलं. या वेळी जगापुढं.

पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर. घाई मधे पडला, त्याची बरगडी मोडली. ती खाली पडल्यावरही ठेकेदार मारत होता. मग त्यांनी माझी यंत्रं फोडली. तारा उपटल्या, पेट्या चिरडल्या. माझ्या डोळ्यांपुढं अंधार झाला तो तिचा हात टेबलाखाली पडलेला दिसत असताना.

पण बातमी तोवर खाली पोचली होती. गर्दी आली होती कुणालातरी मारायला. तिला हात होते, डोकं नव्हतं, नुसती कुणीतरी बटण दाबायची वाट बघत होती. ठेकेदार रक्ताच्या हातांनी खाली उतरला आणि ती त्याच्यावरच तुटून पडली. पोलिसांनी त्याला पायांखालून ओढून काढलं. वाचला, आता तुरुंगात आहे. पहारेकरी एका कानानं बहिरा झाला. वस्तीत त्या दिवशी एक काडीही पेटली नाही.

वहिनी दिवस मावळायच्या आत गेली.

मी मेले नाही. दूरच्या एका गावात माझी प्रत होती, आणि ज्यांनी हे ऑफिस कधी पाहिलं नाही अशा माणसांनी धावून येऊन मला नव्या यंत्रांवर उभं केलं. आळीनं वाढवलेल्या पोरीला मरण सोपं नसतं. माणसाची दुसरी प्रत नसते, एवढं मात्र मला त्या दिवशी कळलं.

परवा संगणक सांभाळणारा आला. गेलेल्या माणसांची खाती काढून टाकायची, असा रिवाज आहे. वहिनीचं खातं त्यानं काढायला घेतलं, तेव्हा मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं. या व्यक्तीचा मजकूर पुसायचा, की दुसऱ्या कुणाच्या नावे करायचा? शेजारी तिचा दीर बसला होता. जगापुढं मांडायचं बटण आता त्याच्याकडं आहे.

"तुझ्या नावावर करू का?" संगणकवाल्यानं विचारलं.

"नको," तो म्हणाला. "पासवर्ड बंद कर. नाव राहू दे. ज्यानं दाबलं त्याचं नाव राहिलं पाहिजे." 

तर बाबांनो, तुमच्या हातातल्या फोनमध्ये अशी कुणी वहिनी बसलेली नसते. लिहिणारे तुम्ही, पुढं ढकलणारेही तुम्हीच. आमच्यासारख्यांना आपणहून नाही म्हणता येत नाही, ते तुम्हालाच म्हणावं लागणार. दाबण्याआधी एकदा वाचा. दारावर सळया पडत असताना एका बाईला वाचायला सवड झाली होती.

मंजुरीला काहीतरी आलंय वाटतं. येते मी.