दोन किल्ल्यांची सायकल

मित्रांनो, ही २००९ सालची गोष्ट आहे. मी एक जुनी सायकल आहे, आणि त्या सालीसुद्धा मी जुनीच होते. माझा काळा रंग ठिकठिकाणी उडाला होता. घंटी घसा बसल्यासारखी वाजत होती. सीटचं चामडं फाटलं होतं, म्हणून ट्राइन मावशीनं त्यावर निळ्या लोकरीचं टोपडं विणून घातलं होतं. पण माझी चाकं सरळ होती. ती अजूनही सरळ आहेत.

माझा जन्म हॉलंडमधल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. आमच्या हँडलला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर पायडल उलटं दाबायचं. पुढे लाकडी खोकं, मागे रुंद कॅरियर, आणि मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं गोल कुलूप. त्या कुलपाच्या दोन किल्ल्या असतात. एक रोज वापरायची, दुसरी जपून ठेवायची. ट्राइन मावशीनं दुसरी किल्ली फार जपली, आणि त्यामुळेच मी आज तुमच्याशी बोलते आहे.

मावशी तरुणपणी एल्सव्हेन गावच्या दूध डेअरीत कामाला लागली, तेव्हा तिच्या आईनं मला तिच्यासाठी घेतलं. एल्सव्हेन म्हणजे एक कालवा, त्यावरचा वर उचलला जाणारा पूल, एक स्टेशन आणि एक फुटबॉल क्लब. तिथल्याच हार्मेन नावाच्या लाजऱ्या मुलाशी तिचं जुळलं. तो माझ्या कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसायचा आणि पायडल ती मारायची. पुलावरचे लोक ओरडत, "काय गं ट्राइन, बटाट्याचं पोतं कुठे नेतेस?"

"पोतं परवडलं, ते थोडं तरी कुरकुरतं. हा तेवढंही बोलत नाही!" ती हसत म्हणायची.

त्याचं गप्प असणं तेव्हा तिला आवडत होतं.

त्यांना मूल झालं नाही. हार्मेन क्लबात कामाला लागला. खेळाडूंचे कपडे धुणं, बूट स्वच्छ करणं, चेंडूत हवा भरणं, सगळं तोच बघायचा. क्लबात परदेशी मुलं येऊ लागली, तेव्हा त्यांना घरात ठेवून घेण्याचं काम मावशीनं आनंदानं अंगावर घेतलं. असाच एके दिवशी अमेरिकेतल्या ओमाहा शहराहून ओरिन आला. एकोणीस वर्षांचा, लांब पायांचा, सतत भुकेला.

मावशीनं मला त्याच्या हवाली केलं. पहिल्याच सकाळी तो माझ्यावर बसून भरधाव निघाला, कालव्याशी वळण आलं, आणि तो हँडलवर ब्रेक शोधत राहिला. आम्ही दोघं पाण्यात पडलो. डोक्यावर शेवाळ घेऊन तो क्लबात पोचला, तेव्हा योरिट नावाचा खेळाडू दारातच उभा होता.

"काय रे काउबॉय, घोडा पाण्यावर नेला होतास वाटतं!"

"घोडा बरा. त्याला लगाम तरी असतो."

"अरे, ही आजीबाईंची सायकल आहे. आजीला ओढून थांबवायचं नसतं, पाय मागे घेऊन विनंती करायची असते."

त्या दिवसापासून सगळे मला 'आजी' म्हणू लागले. मला राग आला नाही. उलट, मित्रांनो, इतक्या वर्षांत कोणी माझं कौतुक केलं नव्हतं. ओरिन सरावाच्या आधी माझी सीट थोपटायचा आणि म्हणायचा, "आजी, आज नशीब दे." ज्या दिवशी गोल व्हायचा त्या दिवशी तो माझ्या चाकांना तेल घालायचा. त्या वर्षी मला भरपूर तेल मिळालं.

त्याला आमच्याकडचं सगळंच नवं होतं. मावशीच्या वाढदिवसाला घरात खुर्च्या गोल मांडल्या, आणि येणारा प्रत्येक जण मावशीचं अभिनंदन करून मग ओरिनचाही हात हातात घेऊन म्हणू लागला, "अभिनंदन!"

"वाढदिवस मावशीचा, मग माझं कशाला?" त्यानं विचारलं.

"ती तुझी आहे ना?" मावशीची शेजारीण म्हणाली. "ज्याचा वाढदिवस, त्याच्या माणसांचं पण अभिनंदन. आणि लक्षात ठेव, केक ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा. आमच्याकडे तुला कोणी आयता खाऊ घालणार नाही!"

त्याच संध्याकाळी मावशीनं संडासाच्या भिंतीवरच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या पानावर ओरिनचं नाव लिहिलं. आमच्या भागात ते कॅलेंडर संडासातच टांगतात, आणि त्यावर फक्त घरच्यांचीच नावं असतात. ओरिन ते पाहून बाहेर आला तो डोळे पुसतच. मला अंगणात ऐकू आलं, हार्मेन म्हणाला, "आत कोणी कांदा चिरत नव्हतं की रे." तेवढं एक वाक्य तो त्या दिवशी बोलला.

आता ओरिनपुढची अडचण सांगते. युरोपबाहेरच्या खेळाडूला वीस वर्षं पूर्ण झाली की आमच्या देशातल्या क्लबाला त्याला खूप मोठा पगार द्यावाच लागतो. छोट्या क्लबाला ते झेपत नाही. म्हणून ओरिनचा करार विसाव्या वाढदिवसापर्यंतचाच होता. तोवर मोठ्या संघात जागा मिळाली तर पुढचा करार, नाहीतर घर. प्रशिक्षक लुबर्ट त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "तू फक्त खेळत राहा, पोरा. बाकीचं माझ्यावर सोड." ओरिननं सोडलं. योरिट म्हणायचा, "लेखी घे रे." तो हसायचा. ओमाहात शब्द म्हणजे शब्द असतो, म्हणायचा.

माझी उभी राहण्याची जागा क्लबाच्या कपडे धुण्याच्या खोलीबाहेर, खिडकीखाली होती. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात तिथे मी लुबर्टचा आवाज ऐकला.

"हार्मेन, तुझ्या त्या अमेरिकन पोराचं काही होत नाही. वरून नकार आला. दुसरा मुलगा घेतलाय."

"त्याला सांगितलं?"

"सांगेन वाढदिवसाला, करार संपल्याच्या कागदावर सही घेतानाच. आधी सांगितलं तर शनिवारी नीट खेळणार नाही. तू बोलू नकोस."

मशीन फिरत राहिलं. हार्मेन काही बोलला नाही. मला वाटलं, घरी गेल्यावर बोलेल. तो घरी आला, सूप प्यायला, आणि झोपला.

मित्रांनो, ऐकू येतं पण बोलता येत नाही, हे किती वाईट असतं ते मी त्या आठवड्यात शिकले. शनिवारी ओरिननं दोन गोल केले. त्यानं मला तेल घातलं.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी मावशी केक करायला बसली. सफरचंदाचा, दालचिनी घातलेला, साऱ्या संघाला पुरेल एवढा. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. हार्मेन टेबलाशी बसून सफरचंदं सोलत होता.

"उद्या कराराची सही झाली की सगळ्यांना इकडेच जेवायला बोलावू," मावशी म्हणाली. "काय रे?"

"बघू," तो म्हणाला, आणि पुढचं सफरचंद उचललं. मग बाहेर येऊन त्यानं माझी सैल झालेली साखळी घट्ट करून दिली.

सकाळी केकचा डबा माझ्या खोक्यात ठेवून ओरिन निघाला. एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं डबा धरलेला. रस्त्यावर पांढरं दव गोठलं होतं. वाटेत साखळी पडावी, पूल वर उचललेला असावा, काहीतरी व्हावं, असं मला फार वाटत होतं. पण पूल खाली होता, आणि साखळी हार्मेननं फार चांगली बसवली होती.

क्लबात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओरिन तुकडे कापून वाटत फिरला. लुबर्टनं दुसरा तुकडाही मागून घेतला. बोटं चाटत तो हार्मेनकडे गेला, त्याचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "तुझ्या मुलाचं अभिनंदन, हार्मेन!"

हार्मेननं हात मागे घेतला नाही.

मग लुबर्ट ओरिनला आतल्या खोलीत घेऊन गेला. परत बाहेर यायला ओरिनला फार वेळ लागला नाही. तो सरळ धुण्याच्या खोलीत हार्मेनकडे गेला. मी खिडकीखालीच होते.

"काका, तुला माहीत होतं?"

मशीन फिरत होतं.

"काका, तुला विचारतोय मी. मावशीला पण माहीत होतं?"

मित्रांनो, इथे एक 'नाही' पुरलं असतं. त्या बाईनं काहीही ठाऊक नसताना केक केला होता. पण हार्मेन ओल्या मोज्यांच्या जोड्या लावत राहिला. ओरिननं त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा लावला.

मावशी बाजारात गेली होती. ओरिननं घरी येऊन बॅग भरली, ती माझ्या कॅरियरला बांधली आणि मला स्टेशनवर नेलं. त्यानं सवयीनं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. सीटवर हात ठेवला, पण थोपटली नाही. कुलूप लावणारा माणूस परत येतो, असा आम्हा सायकलींचा समज आहे. गाडी आली आणि तो गेला. मी त्या समजावर पूर्ण हिवाळा काढला.

बर्फ पडला. माझी निळी लोकर भिजली, गोठली, पुन्हा भिजली. साखळी गंजली. माझी घंटी कोणीतरी काढून नेली. आणि रोज सकाळी त्याच रस्त्यानं हार्मेन क्लबात जायचा. पहिल्या दिवशी तो थांबला, माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागला. ओरिन निदान दूर देशी गेला होता. हा तर रोज जात होता.

शेवटी नगरपालिकेच्या माणसांनी मला नारिंगी चिठ्ठी लावली आणि ट्रकमध्ये टाकून बेवारस सायकलींच्या गोदामात नेलं. वसंतात तिथे स्वस्तात विक्री होते. एक दिवस दारातून ट्राइन मावशी आत आली. हिवाळाभर ती पायीच फिरली होती. ती रांगेतून चालत आली, माझ्यापाशी थांबली, आणि सीटवरची मळकी लोकर बोटानं खरवडू लागली. खालून निळा रंग निघाला.

"ती नका घेऊ, बाई," तिथला माणूस म्हणाला. "कुलूप लावलेली आहे, तोडावं लागेल. स्टेशनवर हिवाळाभर उभी होती, कोणी न्यायलाच आलं नाही."

"स्टेशनवर?" मावशी म्हणाली. "विकली नव्हती?"

तिनं पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. दुसरी किल्ली गंजलेल्या कुलपात जाईना. तिनं फुंकर मारली, हातमोजा काढून हात गरम केला, पुन्हा फिरवली. कुलूप उघडलं.

तिनं मला तशीच, चिखलाच्या चाकांनी, थेट स्वयंपाकघरात आणली. हार्मेन सूप पीत होता.

"तू म्हणाला होतास, पोरानं ही विकली आणि पैसे घेऊन गेला."

"असं मला वाटलं."

"ही स्टेशनवर होती. तू रोज तिथूनच जातोस. दिसली नाही?"

चमचा खाली गेला. "दिसली."

"मग आणली का नाहीस?"

"आणली असती तर तू विचारलं असतंस, तो का गेला."

मग तिनं विचारलंच. आणि इतक्या महिन्यांनी हार्मेन बोलला, सगळं बोलला. मावशी ऐकत उभी राहिली. तिचा एक हात माझ्या हँडलवर होता.

"मी तो केक करत होते तेव्हा तू समोर बसून सफरचंदं सोलत होतास, हार्मेन," ती म्हणाली. "आणि मी? मी त्या पोराचं नाव कॅलेंडरवरून खोडलं!"

त्याच संध्याकाळी तिनं ओमाहाला फोन लावला. ती फक्त एवढंच म्हणाली, "पोरा, मला माहीत नव्हतं." पलीकडून ओरिन म्हणाला, "केक छान झाला होता म्हणे, मावशी. सगळे म्हणत होते. वाटता वाटता माझा खायचाच राहिला."

फोन ठेवून ती माझ्या कॅरियरवर बसली आणि रडली.

पुढे काय झालं ते सांगते. लुबर्टला पुढच्याच वर्षी क्लबानं काढलं. त्यालाही ते सर्वांत शेवटी कळलं. योरिट मोठ्या संघात बरीच वर्षं खेळला, आता गावातच फरशा बसवतो आणि माझ्या टायरांत अधूनमधून हवा भरतो. त्यानंच मला नवी घंटी आणून लावली. ओरिन दोन हंगाम आइसलँडमध्ये खेळला, मग गुडघा दुखावला. आता तो ओमाहात मुलींच्या संघाला शिकवतो. एखादीला संघातून वगळायचं असेल तर तो आधी तिच्या घरी जाऊन सांगतो.

तो मावशीच्या दर वाढदिवसाला तिला फोन करतो, पण परत कधी आला नाही. मला स्टेशनवर सोडल्याबद्दलही कधी बोलला नाही. माझी एक किल्ली अजून त्याच्याकडे आहे. तो ती पाठवत नाही, मावशी मागत नाही.

हार्मेन क्लबातून निवृत्त झाला. मावशी त्याच्याबरोबर राहिली, पण नोव्हेंबरातल्या त्या दिवशी ती केक करायची आणि सगळ्या शेजाऱ्यांना द्यायची, फक्त त्याला नाही. त्याच्या शेवटच्या वर्षी तिनं एक तुकडा त्याच्यापुढेही ठेवला. त्यानं तो खाल्ला नाही.

मावशी आता माझ्यावर बसत नाही, धरून चालते. मी तिची काठी झाले आहे.

मित्रांनो, आम्हाला तेल घाला, पावसात उभं करू नका, आणि कुलूप लावून गेलात तर परत या. एवढं तर कोणतीही सायकल सांगेल. मी आणखी एक मागते. एखाद्याचं मन मोडणारी बातमी तुमच्याजवळ असेल, तर त्यानं आणलेला केक तोंडात घालण्याआधी ती त्याला सांगा. तो रडेल, पण तुम्ही त्याचे राहाल.

कॅलेंडरवर खोडलेल्या नावाच्या शेजारी मावशीनं तेच नाव पुन्हा लिहिलं आहे, मोठ्या अक्षरांत. दर वर्षी त्याच्या वाढदिवशी सकाळी ती येते, माझी सीट थोपटते आणि म्हणते, "अभिनंदन, आजी." मी नवी घंटी वाजवत नाही. कुलूप लावून गेला आणि परत आला नाही, त्याचा मला अजून राग आहे. पण तिनं थोपटलेलं मला आवडतं.