तीन पाण्यांची भाजी

"अकरा निघाल्या," लेक म्हणाली आणि शेवटची बरणी तिनं नळाखाली उपडी धरली. "बाबा, फोनवर तर सांगत होतात, मीठ सोडलंय म्हणून."

"सोडलंच आहे. भाजी तीन पाण्यांतून काढतो, मग खातो. तुझ्या आईचीच पद्धत."

"आईला काय माहीत तुमच्या किडन्यांचं?"

हे मात्र खरं होतं. ते कळायच्या दोन महिने आधीच ती गेली. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले, म्हणून आळीत त्यांना सगळे मीटरवालेच म्हणत. स्वतःच्या रक्तातला आकडा मात्र डॉक्टरांनी वाचून दाखवावा लागला. डॉक्टरांनी मीठ तोडलं. आणि घरात बायकोनं परसबागेचा शेवटचा हंगाम मिठातच घालून ठेवलेला.

पालेभाजी ती सावलीत वाळवायची. घेवडा, गाजर, हिरवे टोमॅटो मात्र मिठाच्या पाण्यात, आणि ते बुडून राहावेत म्हणून वर एक गुळगुळीत दगड. "पाण्याबाहेर डोकं काढलं की सडलंच म्हणून समजा," असं म्हणून ती नवऱ्याकडे बघायची.

मीटरवाले रोज सहा शेंगा काढत. तीन पाण्यांनंतर त्यांना चव म्हणून उरत नसे. पण त्या तिनं मोडलेल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, सगळ्या सारख्या.

"मग भाजी कुठं टाकलीस?"

"टाकीन कशी? आईच्या हातची होती." लेकीनं बरणी पालथी घातली. "मागच्या वाफ्यात ओतली, पाण्यासकट. खत होईल."

त्या वाफ्यात आठवड्यापूर्वी मीटरवाल्यांनी बायकोनं राखलेलं घेवड्याचं बी पेरलं होतं. कालच दोन-दोन पानं वर आली होती. दोघांना बागेचा नाद लागला तो त्यांच्या निवृत्तीनंतर. लेक तोवर आठव्या मजल्यावर राहायला गेली होती. तिच्या बाल्कनीत एक प्लास्टिकचं झाड आहे आणि त्याची तब्येत उत्तम असते.

"रागावलात?"

"नाही गं. चांगलं केलंस."

"तुम्ही असं म्हणता ना, त्याचीच भीती वाटते." तिनं कोरडी बरणी पुन्हा पुसायला घेतली. "आई गेली, ते मला फोनवर कळलं. तुमचंही तसंच कळायला नकोय मला."

त्यांनी तिला दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं, खिडकी लावून घे म्हणून सांगितलं आणि घरी येऊन थेट मागच्या दारी गेले.

वाफ्यात शेंगा विखुरल्या होत्या. त्यांनी त्या वेचल्या. अकरा दगड वेचून ओळीनं कडेला ठेवले. मग बादली भरून वाफ्यावर हळूहळू ओतली आणि पाणी मुरेपर्यंत उकिडवे बसून राहिले. चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहिली. खारट. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, मातीचा उल्लेख केला नव्हता.

दुसरं पाणी. खारट.

तिसरं पाणी मुरेस्तोवर उन्हं भिंतीवर चढली. रोपांनी माना टाकल्या होत्या. त्यांनी पुन्हा चिमूट उचलली, तोंडात बराच वेळ घोळवली.

तिची पद्धत तीन पाण्यांची होती. मीटरवाले गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चौथ्यासाठी बादली नळाखाली लावली.