वीस मिनिटांत धुळे

मित्रांनो, मी एक जुने चार आसनांचे विमान आहे. ज्या गृहस्थांची हकीकत सांगणार आहे, त्यांच्याबद्दल मला तिळमात्र आदर नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. धुळ्याच्या धावपट्टीवर मी बावीस वर्षे मुलामुलींना उडायला शिकवले. कोणी मला आपटून उतरवले, कोणी घाबरून रडले. मी कोणालाही हसलो नाही. शिकणाऱ्याची चूक मला चालते.

मग आले ललितभाऊ, कुठल्याशा हवाईसेवा समितीचे अध्यक्ष. जळगाव ते धुळे विमानाने वीस मिनिटे, असे फलक त्यांनी दोन्ही शहरांत लावले. हा आकडा त्यांनी कोणाला विचारला, देव जाणे. मला तर विचारला नव्हता!

मे महिन्यातल्या एका सकाळी उद्घाटनाच्या फेरीसाठी त्यांना आणायला आम्ही जळगावला गेलो. आमच्या प्रशिक्षक पुनममॅडमनी नकाशा उलगडून त्यांना समजावले, "अंतर नव्वद किलोमीटर. वारा नसता तरी अर्धा तास लागला असता. आज वारा समोरून आहे, चाळीस मिनिटे धरा."

"मॅडम, फलक लागलेत. धुळ्यात मंडप भरलाय. वीस म्हणजे वीस."

"वारा फलक वाचत नाही, भाऊ."

भाऊ फुगून पुढच्या आसनावर बसले. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. पारोळ्याच्या अलीकडे वीस मिनिटे उलटली, तेव्हा त्यांचा धीर सुटला. "जरा जोरात घ्या ना!" म्हणत त्यांनी इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा धरला आणि पार आत ढकलला. आधीच तापलेले माझे इंजिन किंचाळले. तापमानाचा काटा लाल रेघेच्या पुढे गेला.

"हात काढा!" पुनममॅडम ओरडल्या. भाऊ काढेनात. शेवटी मॅडमनी कोपराने त्यांचा हात झटकला, पण तोवर माझ्या एका सिलिंडरला तडा गेला होता. मी थरथरू लागलो. इतका वेळ घाई करणारे अध्यक्ष डोळे मिटून देवाचा धावा करू लागले. मॅडमनी मला हळूहळू, गोंजारत धुळ्याला आणले.

शेहेचाळीस मिनिटे लागली.

खाली उतरताच भाऊंच्या अंगात पुन्हा बळ आले. "प्रवास वीसच मिनिटांचा," ते पत्रकारांना म्हणाले, "पण हे खटारा विमान! याच्यात दमच नाही."

आमच्या संस्थेच्या मालकांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावले नाही, माझ्याजवळच गाठले. "नोंदवहीत वीस लिहा. बिघाड जुनाच होता म्हणा."

माझे इंजिन उघडून बसलेले मेकॅनिक भटूनाना ताडकन उठले. "साहेब, हाई बठ्ठं खोटं शे! सगळं खोटं!"

मॅडमनी शेहेचाळीस लिहिले. दांडा कोणी ढकलला, तेही लिहिले. नानांनी खाली सही केली. पुढच्या आठवड्यात मॅडमची नोकरी गेली. माझी दुरुस्ती झालीच नाही. हँगरमागे मी धूळ खात उभा आहे. ललितभाऊंचा मात्र सत्कार झाला म्हणे.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, फडके मारा, बरे वाटते. पण स्वतःची थाप झाकायला आम्हाला दोष देऊ नका. आम्हाला बोलता येत नाही, याचा फायदा फक्त भित्री माणसे घेतात.