टेन्शनची गोळी

सुज्ञ वाचकहो! एका शिंप्याच्या घरी अवतरलेला तथाकथित चमत्कार आणि त्याचे यथार्थ कारण पुढील ओळींत नम्रपणे निवेदन करीत आहे.

शिंप्याच्या घरी मुंगीला शिरण्यास वाव नव्हता. कित्येक महिने अंथरुणास खिळलेली, तोंडातून शब्द न काढणारी शिंपीण गच्चीवर उभी राहून अखंड बोलत होती. डोळ्यास डोळा नाही, तरी थकवा नाही!

"नुसत्या फुंकरीनं वाचा दिली!" फुंकरमहाराज गरजले. "डॉक्टरची टेन्शनची गोळी बंद, टेन्शन फरार!"

"उद्या मी कठड्यावरून हवेत चालून दाखवणार!" शिंपीण ओरडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिंप्याने मात्र कठड्यावरून खाली वाकून पाहिले. पत्नीच्या दुखण्याने तो पार पिचला होता. धाकट्या भावास तिच्यापाशी बसवून तो पाय ओढीत डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"दोन्ही गोळ्या चालू आहेत ना?"

"उदासीची तेवढी देतो. टेन्शनची बंद केली. महाराज म्हणाले, आधीच टेन्शन, वर त्याची गोळी कशाला?"

"टेन्शनची? हे बारसं कोणी केलं?"

"मीच. तुम्ही म्हणालात, ती मनाला फार वर जाऊ देत नाही, फार खालीही नाही. आमच्या मशीनवर दोऱ्याचा ताण धरणारी चकती असते, तिला टेन्शन म्हणतात. म्हणून..."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग दादा, ती चकती सैल सोडून पायडल मारलं तर?"

"सगळा गुंता होतो." शिंपी म्हणता म्हणता उठून उभा राहिला.

"उदासीची गोळी म्हणजे पायडल. या आजारात ती एकटीच दिली, तर मन सुसाट सुटू शकतं. वहिनींना आत्ता घेऊन या, क्षणभर एकटं सोडू नका. कुठली गोळी थांबवायची, कुठली किती द्यायची, ते रक्त तपासून मी ठरवते. घरच्या घरी चालू-बंद नको."

शिंपी परतला, तो महाराज जिन्यात आडवे आले. "खाली नेलीस तर कोप होईल!"

"महाराज, कठड्यावरून आधी तुम्हीच चालून दाखवा. फुंकर तर तुमचीच ना?"

महाराजांनी कठड्याकडे पाहिले, आणि एक पायरी खाली उतरले. कोणीतरी फिस्सकन हसले. शिंप्याने पत्नीचा हात धरला व तिला खाली आणले.

पुढे बाईंच्या देखरेखीखाली दोन्ही गोळ्यांचा मेळ पुन्हा बसला. शिंपीण आता बटणांची काजे करते, रात्री झोपते. चमत्कार नव्हे, म्हणून बघायला कोणी येत नाही.

बंधुभगिनींनो, मनाचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि विचारूनच सोडावे, एवढीच हात जोडून विनंती. आपण वेळ काढून वाचलेत, मी ऋणी आहे.

आपला नम्र,
शेजारचा पाट्या रंगविणारा रंगारी