पूर्वरंग संपला तेव्हा

जर्मनीत ब्योब्लिंगेनच्या पुढे एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, थोडं गेलं की एक लहान गाव लागतं. दोन हजार सहा साली तिथल्या नगरपालिकेला वरच्या सरकारकडून निधी आला. गावातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि मुली यांचं जीवन सुधारावं, म्हणून. हेतू अगदी देवाघरचा. निधीचं काय करायचं हे ठरवायला हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्ले नावाचे सज्जन अधिकारी नेमले गेले आणि त्यांनी पुष्कळ अभ्यास करून ठरवलं, की या बायकांना ढोल शिकवावेत.

"अगं, मी घानातल्या कुमासीची नर्स आहे," एफुआ ऊर्मिलाला म्हणाली. "ढोलाला जन्मात हात लावलेला नाही मी."

"मग सांग की त्यांना."

"सांगणारच आहे. हिने बोलू दिलं तर." एफुआने कडेवरच्या लेकीकडे, आमाकडे, बघितलं. आमा दीड वर्षाची होती.

दोघींची मैत्री जर्मनच्या वर्गातली. ऊर्मिलाचा वर्ग पूर्ण झाला, एफुआचा दोनदा अर्धवट सुटला. पाळणाघरात जागा नव्हती आणि आमाला घेऊन वर्गात बसायचं, तर कानावर एक शब्द पडत नसे. भाषेची परीक्षा नाही म्हणून नर्सची नोकरी नाही. वर्गाशेजारी मुलं सांभाळायची एक खोली मिळाली असती, तर सगळंच मार्गी लागलं असतं. पण सोमवारी योजना वर मंजुरीला जाणार होती, आणि त्याआधी हेर एबर्ल्यांनी बोलावलेल्या शनिवारच्या सभेत बायकांच्या बोलण्याला वेळ होता तो शेवटी, भाषणातून उरला तर.

ऊर्मिलाला नगरपालिकेच्या कचेरीतून फोन आला होता, की पाहुण्यांसाठी फुलं आणा, काहीतरी इंडियन पद्धतीचं. तिने पिवळी शेवंती आणून शिवणाच्या दोऱ्यात घसघशीत हार ओवला.

"कधी घालणार हा?" नवऱ्याने, श्रीरंगने, विचारलं.

"अहो, कधी म्हणजे? घालतात तेव्हा."

सभेत हेर एबर्ल्यांनी 'समाज म्हणजे काय' इथपासून सुरुवात केली. टोगो, नायजेरिया, कॅमेरूनच्या बायका शिस्तीत बसल्या आणि शिस्तीतच पेंगायला लागल्या. रंगली एकटी ऊर्मिला. लहानपणापासून पुण्यात रामाच्या देवळात मांडी घालून कीर्तनं ऐकलेली बाई ती. समोर कोणी तत्त्व मांडायला लागलं, की तिची मान आपोआप डोलायची आणि नेमक्या जागी "वा" निघायचं. असा श्रोता मिळाल्यावर कोणता बुवा आवरतं घेईल? हेर एबर्ले तिच्याकडेच बघून बोलू लागले. भाषण लांबलं.

"मान हलवू नकोस," एफुआ दात आवळून म्हणाली. "तो थांबणार नाही अशाने."

"अगं, छान मांडतायत."

अखेर हेर एबर्ले पाणी प्यायले. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "ही झाली तत्त्वं. आता प्रत्यक्ष योजनेकडे..."

ऊर्मिला हार घेऊन उठली. पूर्वरंग झाला, बुवांनी दम घेतला, आता हार. मग गोष्ट सुरू होते. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तिने हेर एबर्ल्यांना हार घातला आणि वाकून नमस्कार केला.

हेर एबर्ल्यांचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या भाषणाला कोणी फूल दिलं नव्हतं. हार पडला म्हणजे समारोप झाला, अशी त्यांची समजूत झाली. बायकांचीही झाली, कारण त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. इतक्या प्रेमाचा अवमान कसा करायचा? त्यांनी लॅपटॉप मिटला. ढोलांची चित्रं आतच राहिली. ते पहिल्या रांगेत येऊन बसले.

"बुवा बसले कसे?" ऊर्मिला घाबरली. "आता तर गोष्ट सांगतात."

"गोष्ट मी सांगते," एफुआ म्हणाली. तिने आमाला ऊर्मिलाच्या मांडीवर ठेवलं आणि पुढे गेली.

आमाला मात्र शेवंती दिसली होती. ती मांडीवरून घसरली आणि हेर एबर्ल्यांच्या गुडघ्यावर चढू लागली. त्यांनी तिला उचललं. दुसरं करणार काय?

एफुआने कुमासीच्या इस्पितळापासून सुरुवात केली. मागून चौदा वर्षांची ग्रेस उठून म्हणाली, "मला ढोल नको, गणिताची शिकवणी हवी. ढोल माझा भाऊ बडवतो, डब्यावर, दिवसभर." बायका जाग्या झाल्या. तेवढ्यात हेर एबर्ल्यांनी आमाच्या तोंडातून एक फूल काढलं, मग दुसरं. चष्मा गेला, तो परत मिळवला. तोवर तिने खिशातलं पेन काढलं.

एफुआ थांबली. "तर हे असं आहे, हेर एबर्ले."

"माफ करा," ते घामाघूम होऊन म्हणाले. "मधलं काहीच नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल?"

"सांगते की. वर्गात माझंही असंच होतं."

मग पहिलं हसू फुटलं ते हेर एबर्ल्यांनाच.

"हा हॉल सकाळी रिकामाच असतो," ते हळूहळू म्हणाले. "ढोल इथेच शिकवायचे होते. आणि वर्ग भिंतीपलीकडे भरतो."

"मुलं सांभाळणारीला पगार लागेल," एफुआ म्हणाली.

"ढोलवाल्याला देणारच होतो." त्यांनी योजनेचा कागद काढला, खिसा चाचपला आणि आमाकडे पाहिलं. "पेन ती सोडत नाही. सोमवारी सकाळी लिहितो."

"आत्ताच लिहा," एफुआ म्हणाली. एका हाताने तिने लेकीला उचललं, दुसऱ्या हाताने तिच्या मुठीतून पेन सोडवलं आणि पुसून त्यांच्या हातात दिलं.